मेपलवर आळ

मस्यू गान्योंनी मला बोंझूर म्हणायच्या आधी घराच्या भेगेत करंगळी घातली.

"बघा. पूर्ण गेली. मागच्या उन्हाळ्यात नखसुद्धा जात नव्हतं."

मग तीच करंगळी बाहेर काढून त्यांनी रस्त्याकडे रोखली. तिथे फुटपाथला लागून एक थोराड मेपल उभा होता. घराच्या छपरापेक्षा कितीतरी उंच.

"आणि तो चोर! माझ्या घराखालचं पाणी पितो. तुम्ही फक्त लिहून द्या. करवत घेऊन यायला नगरपालिका तयार आहे."

मी अजून गाडीचं दारही धड लावलं नव्हतं. साइटवर पोचायच्या आत निकाल लागलेला असला की माझं डोकं सटकतं. पण समोर पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, घामाने डबडबलेला, आणि ऊन असं की अकोला आठवावं. मी म्हटलं, "आधी घर बघते, मग चोर बघू."

हे मॉन्ट्रियलच्या नदीपलीकडचं उपनगर. नाव सांगत नाही. तिकडे दर दुसऱ्या गावाला कुठल्या ना कुठल्या संताचं नाव आहे, त्यातलंच एक समजा. एकसारखे बैठे बंगले, मध्ये चर्च, चर्चसमोर नगरपालिका, मागे आइस हॉकीची रिंक. सगळा कारभार फ्रेंचमध्ये. इंग्रजी फक्त टीव्हीच्या रिमोटवर. माझं फ्रेंच अकोल्याच्या चालीचं, पण मातीबद्दल बोलायला पुरेसं होतं. दोन हजार सालानंतर जे काही कोरडे उन्हाळे ओळीने आले, त्यातल्या एका जुलैमधली ही गोष्ट.

मी जिओटेक्निकल इंजिनिअर. म्हणजे घर ज्या मातीवर उभं असतं त्या मातीची तब्येत तपासणारी. लोक भिंतीला प्लास्टर मारत बसतात आणि दुखणं असतं खाली. आमच्या मॉन्ट्रियलच्या कन्सल्टिंग कंपनीकडे या नगरपालिकेचं काम होतं. झाड नगरपालिकेच्या जागेत, त्यामुळे इंजिनिअरचा रिपोर्ट असल्याशिवाय त्याला हात लावता येत नव्हता. मस्यू गान्यों नगरसभेच्या प्रत्येक बैठकीला जाऊन प्रश्नोत्तराच्या वेळी उभे राहायचे. हा माणूस उठला की मेयर घड्याळ बघायला लागायचे म्हणे.

तिथली माती म्हणजे जुन्या समुद्राच्या तळाचा निळसर गाळ. फ्रेंचमध्ये आर्जील, आपली चिकणमाती. पाण्याने नुसती गच्च भरलेली. पाणी आहे तोवर घर मजेत. पाणी गेलं की माती आक्रसते आणि वरचं घर बसायला लागतं. मी वऱ्हाडातली, काळ्या मातीत वाढले. उन्हाळ्यात जमिनीला पडलेल्या भेगांत आम्ही काठ्या घालून खोली मोजायचो. पण आपली काळी माती पाऊस पडला की फुगते आणि पुन्हा जागेवर येते. ही पठ्ठी एकदा आक्रसली की थोडीफार परत येते, पूर्ण कधीच येत नाही. आणि मोठा मेपल कोरड्या उन्हाळ्यात तिच्यातलं पाणी दाबून ओढतो, हे तर खरंच. मस्यू गान्यों वेड्यासारखं काही बोलत नव्हते. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

आत गेले तर मादाम गान्यों हात पुढे करून उभ्या. हात माझ्याकडे नव्हता, जरासा बाजूला होता. त्यांना समोरचं दिसत नव्हतं, कडेकडेचं धूसर दिसायचं. डोळ्यांचा तो आजार हळूहळू वाढत गेलेला. पण घरात अशा फिरायच्या की बघत राहावं. भिंतीला बोटं टेकवत त्या पुढे, मी मागे.

"इथून उतार सुरू होतो," त्या कॉरिडॉरमध्ये थांबून म्हणाल्या. "माझा नवरा, रोझेर, म्हणतो माझा भास आहे."

मी लेव्हल लावली. म्हणजे पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी. बुडबुडा सरकला. भास कुठला!

"बाथरूमचं दार ऑगस्टमध्ये अडकतं. बर्फ वितळलं की पुन्हा लागतं. मागच्या ऑगस्टमध्ये मी आत अडकले होते. मुलाला कळलं आणि झालं!"

मुलगा कॅल्गरीला, तेलाच्या कंपनीत. त्याने वृद्धांच्या रेसिडेन्समध्ये खोली बघून ठेवली होती. सप्टेंबरमध्ये तो येणार, आणि घराचं काही होत नसेल तर दोघांना तिकडे हलवणार. त्याचंही काय चुकलं? आईला दिसत नाही आणि घर वाकडं होतंय.

"तिकडे चांगलं आहे म्हणतात," मादाम म्हणाल्या. "जेवण आयतं. संध्याकाळी पत्ते. पण मादाम, इथे मी आंधळी नाही. तिथे पहिल्या दिवसापासून आंधळी होईन."

हे त्यांनी कॉफीत साखर घालता घालता सांगितलं. एक दाणा बाहेर सांडला नाही.

ऑफिसात आल्यावर बॉस मार्क सँडविच खात होता. मार्क चांगला माणूस, पण त्याला सगळं दोन पानांत लागतं.

"नीला, काय आहे?"

"भेग मागच्या उजव्या कोपऱ्यात आहे. झाड पुढे डावीकडे."

"मुळं लांब जातात."

"जातात. पण मग पुढचा डावा कोपरा आधी बसायला हवा. तो ठणठणीत आहे."

मार्कने सँडविच खाली ठेवलं. "हे बघ. मालकाला झाड तोडायला हवंय. मेयरला मालक गप्प व्हायला हवाय. आर्जील, मेपल, तोडा. दोन पानं. कोणाचं काय बिघडतं?"

"घराचं बिघडतं. झाड तोडून पुढच्या उन्हाळ्यात भेग वाढली तर सही माझी आहे."

"मग काय पाहिजे तुला?"

"ड्रिलिंग. चारही कोपऱ्यांत."

त्याने आढ्याकडे बघितलं. त्याची ही नेहमीची सवय, म्हणजे परवानगी मिळाली समजायचं.

ड्रिलिंग म्हणजे जमिनीत पोकळ नळी उतरवून वेगवेगळ्या खोलीवरची माती जशीच्या तशी वर काढायची. ती लॅबमध्ये आधी ओली तोलायची, मग भट्टीत वाळवून पुन्हा तोलायची. जे वजन कमी झालं ते पाणी. आपल्याकडे पीठ मळताना पाणी किती पडलं ते बाईला हाताला कळतं, आम्हाला त्यासाठी भट्टी लागते, एवढाच फरक.

मशीन आलं तसे मस्यू गान्यों झाडाजवळ जाऊन उभे राहिले. "इथे खणा."

"इथेही खणणार. आधी मागे."

"मागे कशाला? मागे आसफाल्त आहे."

घराच्या उजव्या बाजूला, भिंतीपासून कुंपणापर्यंत, काळाभोर डांबरी पट्टा. पार मागच्या दारापर्यंत. एक खडा नाही, एक उंचवटा नाही. छपराचं पाणी आणणारा पाइपसुद्धा डांबराखालून थेट रस्त्याच्या गटाराला जोडलेला. त्या गावात डांबराचं फार कौतुक. बर्फ फेकायचं मशीन डांबरावर सरसर चालतं, गवतावर अडतं. हिवाळ्याचे पाच महिने डोळ्यांसमोर ठेवून माणसं उरलेल्या सात महिन्यांची सोय लावतात. पण एवढी लांब पट्टी, तीही गाडी जिथे जातच नाही तिथे, मी कुणाकडे बघितली नव्हती.

"हे कधी केलंत?" मी विचारलं.

"त्याचा काय संबंध?"

"कधी केलंत, मस्यू?"

"झाली दोनेक वर्षं." आणि पाठ फिरवून ते गॅरेजमध्ये गेले.

लॅबचे आकडे आले तेव्हा मी मार्कला बोलावलंसुद्धा नाही, आधी एकटीच बघत बसले. झाडाजवळची माती कोरडी होती, पण बरी. तिथे हिरवळ होती, पाऊस पडला की मुरत होता. मागच्या उजव्या कोपऱ्यात, डांबराखाली, माती पार सुकून गेलेली. मेपलची मुळं तिथवर पोचली होती हे खरं. झाड काही साधू नव्हतं. पण तिथे झाड नुसतं पीतच होतं आणि वरून थेंब जात नव्हता. छपराचं पाणी गटारात, पावसाचं पाणी डांबरावरून रस्त्यावर. नुसतं झाड तोडलं असतं तर पुढची माती जरा ओलावून वर आली असती, मागची तशीच खाली राहिली असती, आणि घर आणखी कललं असतं. भेग रुंदावली असती, सावली गेली असती, आणि सप्टेंबरमध्ये मुलगा आईबापांना घेऊन गेला असता.

एवढं कळलं, पण ते डांबर घातलं कशाला ते कळेना. पाणी कुठे वळवायचं हे त्या कारणावर ठरणार होतं. म्हणून मी परत गेले. मस्यू गान्यों हार्डवेअरच्या दुकानात गेले होते. मादामनी दार उघडलं आणि मी विचारायच्या आत मला बाजूच्या दाराने बाहेर नेलं.

"माझा रस्ता बघितलात का?"

मी म्हटलं, कुठला रस्ता?

त्या डांबरी पट्ट्यावर, भिंतीला न धरता, मोकळ्या हाताने चालत गेल्या. मागच्या दारापासून गाडीपर्यंत. वळल्या आणि परत आल्या. चेहऱ्यावर लहान मुलीसारखं कौतुक.

"इथे आधी दगडी फरश्या होत्या, कडेला माझी फुलझाडं. त्या हिवाळ्यात बर्फावरून घसरले आणि मनगट मोडलं. बर्फ गेलं तसं रोझेरने सगळं उखडलं. छपराचं पाणी वाटेवर गोठू नये म्हणून पाइपसुद्धा आत घातला. म्हणाला, आता तू कुणाचा हात न धरता चालशील."

अगं बाई! माझ्या हातात लॅबचे कागद, आणि मी त्या डांबरावर उभी. हवा फार गरम आहे, असं काहीतरी बोलले आणि बाहेर पडले.

मस्यू गान्यों फाटकातच भेटले. हातात भेग बुजवायची ट्यूब. माझा चेहरा बघून त्यांना कळलं असावं. ते मला मेपलच्या सावलीत घेऊन गेले. ज्या झाडाला ते चोर म्हणत होते त्याच्याच सावलीत.

मी सरळ सांगितलं. असल्या गोष्टी गुळगुळीत करून सांगता येत नाहीत.

त्यांनी वाद घातला नाही. मला वाटलं होतं आरडाओरडा करतील. ते ट्यूबचं झाकण उघडझाप करत राहिले.

"मला थोडी शंका होती," ते म्हणाले. "तुम्ही मागे खणलंत तेव्हाच."

"उपाय आहे, मस्यू."

"उपाय करा. पण कागदावर झाड लिहा."

"म्हणजे?"

"माझ्या जानीनला कळायला नको. मला दोष लागेल म्हणून नाही हो, मला दोष द्या! पण तिला वाटेल की ती पडली म्हणून घर मोडलं. ती तसलीच आहे. मनात धरून बसेल आणि मग स्वतःच म्हणेल, चल रेसिडेन्सला." त्यांचा आवाज चिरकला. "तुम्ही झाड लिहा. झाडाला काय वाटणार आहे?"

खरं सांगते, मला ते लिहावंसं वाटलं. माझी सगळी नोकरी खरा आकडा लिहिण्यात गेली, आणि त्या दुपारी मला एका म्हाताऱ्याची एवढी दया आली की मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून दहा-पंधरा मिनिटं नुसती बसले. पण झाड लिहिलं तर झाड तुटणार. डांबर काढायला मग काय कारण सांगणार? आणि डांबर राहिलं तर घर बसणार. खोटं लिहून ते घर वाचतच नव्हतं. वाचत असतं तर मी काय केलं असतं, हे मला विचारू नका.

ऑगस्टमध्ये बैठक झाली. नगरपालिकेत नाही, गान्योंच्या स्वयंपाकघरात. मादामना जिने चढायला लागू नयेत म्हणून मीच तसं ठरवलं. नगरपालिकेच्या सार्वजनिक कामांची प्रमुख सिल्वी आली, मार्क आला. मस्यू गान्यों माझ्याकडे बघत नव्हते.

मी नकाशा पसरला. "झाडामुळे माती सुकते, हे बरोबर. पण घर बसतंय ते..."

"मादाम नीला," मादाम गान्योंनी मला थांबवलं. "तुमचं मशीन सगळ्यात जास्त वेळ माझ्या रस्त्यावर होतं. मी ऐकत होते. झाडापाशी तर ते लगेच आटोपलं. माझा रस्ता आहे ना तो?"

मार्क पेनशी खेळायला लागला.

मी मस्यू गान्योंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

"हो," मी म्हटलं. "पाऊस तिथे मुरत नाही."

मादामनी टेबलावरून हात सरकवत नवऱ्याचा हात शोधला. तो मस्यू गान्योंनी मांडीवर लपवला होता, म्हणून मादामनी बाही धरली.

"म्हणून तू झाडाच्या मागे लागला होतास?"

"मला आधी खरंच झाड वाटलं होतं. नंतर..."

"नंतर तुला वाटलं जानीन रडत बसेल."

"हो."

"रोझेर, मी पडले ती बर्फामुळे. डांबर घातलंस तू. आणि मला विचारलं होतंस का? माझ्या फुलझाडांवर घातलंस!" आता त्या चांगल्याच तापल्या होत्या, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. "कुणाचा हात न धरता चालशील म्हणे! मी कधी म्हटलं होतं की मला तुझा हात नको?"

सिल्वीने डोळे पुसले. मार्कला एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी दिसलं. मस्यू गान्यों रडले नाहीत. त्यांनी नाक शिंकरलं आणि मला म्हणाले, "कुठून फोडायचं ते आखून द्या."

मग कामाचं बोलणं झालं. भिंतीलगतचं डांबर काढायचं, खडी घालून त्यावर फटी ठेवून फरश्या बसवायच्या, म्हणजे पाणी खाली जाईल. कडेला धरायला कठडा. छपराचं पाणी गटारात न सोडता कुंपणालगत फुलझाडांचा वाफा पुन्हा करून त्यात सोडायचं. म्हणजे माती भिजेल आणि वाटेवर बर्फ साचणार नाही. मेपल छाटायचा, तोडायचा नाही. आणि बसलेल्या कोपऱ्याखाली पाइल घालायचे. पाइल म्हणजे स्टीलचे खांब, मऊ माती भेदून खालच्या कठीण थरावर टेकवायचे आणि घराचा कोपरा जॅकने त्यांच्यावर तोलून धरायचा. गाडीचं टायर बदलताना उचलतो तसंच, फक्त सावकाश.

एक अडचण राहिली. उन्हाळ्यात माती ओली ठेवायला पाणी द्यायला लागणार, आणि गावात कोरड्या दिवसांत बागेला पाणी घालायला बंदी. पिवळ्या दिव्याची गाडी फिरते आणि नळी दिसली की दंड.

"सूट देता येणार नाही," सिल्वी म्हणाली. "एकाला दिली की सगळी गल्ली मागेल."

"सगळ्या गल्लीत डांबर आहे," मी म्हटलं. "सगळ्या गल्लीची घरं बसली की मेयरच्या बैठकीला खुर्च्या पुरणार नाहीत."

सिल्वी हसली. ठिबक नळीला सूट मिळाली. पुढे तिने गावात पत्रकही वाटलं, भिंतीलगत डांबर घालू नका म्हणून. किती जणांनी वाचलं देव जाणे.

मुलगा सप्टेंबरमध्ये आला तेव्हा पाइल बसत होते. तो इंजिनिअरच, त्यामुळे त्याने मला उलटसुलट प्रश्न विचारून घाम फोडला. मग स्वतः तळघरात उतरून जॅक बघून आला. जाताना म्हणाला, "हा हिवाळा बघतो." रेसिडेन्सची खोली त्याने सोडली. हिवाळा गेला, कोपरा हलला नाही, आणि तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.

बर्फ वितळल्यावर मादाम गान्योंचा ऑफिसात फोन आला. मला वाटलं, भेग!

"नाही, नाही. घर ठीक आहे. पण रोझेरला आता फरश्यांवर रबराची चटई घालायचीय. अखंड, दारापासून गाडीपर्यंत. माझे पाय गार पडू नयेत म्हणून."

"मादाम, चटईखाली पाणी मुरणार नाही!"

"तेच म्हटलं मी त्याला. म्हटलं, माझ्यासाठी काही करायचं असेल तर आधी इंजिनिअरला विचार." मागून मस्यू गान्यों काहीतरी पुटपुटताना ऐकू आलं. "आणि त्याच्याआधी मला."

तेव्हापासून मी कुठल्याही घरी गेले की भेग बघायच्या आधी एक प्रश्न विचारते. गेल्या दोन-चार वर्षांत या घरात कुणी कुणासाठी काय केलं? नवे इंजिनिअर हसतात. हसू देत. घरं वाईट हेतूने फार कमी बिघडतात. बहुतेक वेळा कुणीतरी कुणाची तरी सोय बघितलेली असते, न विचारता.